काढून घेतलेली किंकाळी

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, किंकाळ्या फोडायच्या. घरात नव्हे. घरात त्या फटकळ असल्या तरी आवाज चढवत नाहीत. किंकाळ्या फोडायच्या त्या स्टुडिओत, पगार घेऊन.

रहस्यपटांचे ते प्रसिद्ध दिग्दर्शक, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणतात, त्यांच्या बहुतेक सिनेमांत नायिका तोंड उघडते आणि आवाज येतो तो वन्संचा. पडद्यावर त्यांचं नाव एकदाही आलेलं नाही.

यंदा साहेबांची जन्मशताब्दी. जिकडेतिकडे व्याख्यानं आणि जाडजूड विशेषांक. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा, टिकटिक ऐकत वाढला, पोस्टर रंगवता रंगवता कॅमेऱ्यामागे गेला, नुसतं बंद दार दाखवून माणसाला घाम फोडायचा. सगळं खरं आहे. माणूस हुशार होता. त्यांचा सिनेमा बघताना मी नवऱ्याचं मनगट असं आवळलं होतं की बिचाऱ्याला दुसऱ्या दिवशी घड्याळ बांधता येईना. माझा राग त्यांच्या सिनेमांवर नाही. राग आहे त्यांच्या एका किश्श्यावर, जो ऐकून शहाणीसुरती माणसं खो खो हसतात.

किस्सा असा. साहेबांना खरीखुरी किंकाळी हवी होती. म्हणून त्यांनी किंकाळीबाईला (स्टुडिओत वन्संना हेच नाव पडलं होतं) कपडेपटाच्या खोलीत धाडलं, बाहेरून कडी घातली, दिवा घालवला. बऱ्याच वेळानं दार धाडकन उघडलं, समोर मुखवटा घातलेला माणूस. बाई अशी किंचाळली की तो सिनेमा अजरामर झाला. साहेब मुलाखतीत म्हणायचे, "मी तिच्याकडून ती किंकाळी काढून घेतली." काढून घेतली! दात काढावा तशी. सिनेमा शिकवणाऱ्या शाळांमध्ये आता हा किस्सा 'पद्धत' म्हणून शिकवतात.

वन्सं मूळच्या स्टुडिओच्या कचेरीतल्या टायपिस्ट. एकदा नायिकेचा आवाज चिरका यायला लागला, तेव्हा ध्वनिमुद्रकानं वैतागून कचेरीतल्या बायकांना एकेक करून माइकसमोर उभं केलं. वन्संनी पोटातून श्वास ओढला आणि दिली. त्यानं हेडफोन भिरकावला. "बाई, कान सोललात की माझा!" तेव्हापासून टाइपरायटर सुटला. पुढं लग्न झालं, नवरा लवकर गेला, मुलाला घेऊन त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि या कामावर त्यांनी त्याला वाढवलं. शेजारणीनं काय काम करता विचारलं की सांगायच्या, "बोंब मारते." आणि वर समजावायच्या, "परक्या माणसाला बघून किंकाळी वेगळी, ओळखीच्याला बघून वेगळी. ओळखीच्याची मधेच मोडते. कारण अजून विश्वास बसलेला नसतो."

तो किस्सा कुणी विचारला की मात्र त्या मान हलवायच्या. "हो, कोंडलं होतं." बस. पुढं एक अक्षर नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या नातीला पहिला सिनेमा मिळाला. पोरगी नाटकात चांगली कामं करते. दिग्दर्शक एक तरुण, दाढीवाला, स्वतःला साहेबांचा मानसशिष्य म्हणवणारा. एका संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि चहा पिता पिता हसत म्हणाली, "आजी, सोमवारी ते मला कोंडणार आहेत. कुठं, किती वाजता, ते सांगणार नाहीत. साहेबांनी तुला कोंडलं होतं ना, तसंच!"

हसत होती, पण चहा तिनं अर्धाच ठेवला. ही पोर लहानपणापासून न्हाणीघराचीसुद्धा कडी लावत नाही. बंद जागेत तिचा जीव गुदमरतो. आणि हे दाढीवाल्याला तिनंच एकदा गप्पांत सांगितलं होतं. तिथूनच त्याला ही अक्कल सुचली.

"आवाज येणार नाही," वन्सं म्हणाल्या.

"काय?"

"आवाज. येणार नाही म्हणते. माझाही आला नव्हता. दार उघडलं तेव्हा घशातून नुसती हवा आली, सायकलच्या चाकातून जाते तशी. खरं घाबरलेल्या माणसाचा घसा मिटतो गं. साहेब 'वाया गेलं' म्हणाले आणि जेवायला गेले. सिनेमात आहे ती आदल्या दिवशीची. चहा गार होत होता, म्हणून घाईत दिली होती."

त्यांच्याबरोबर एका छपराखाली माझं आयुष्य गेलं आणि मला हे आज कळत होतं! माझं डोकंच फिरलं. "वन्सं, मग इतकी वर्षं नंदीबैलासारखी मान का हलवलीत?"

"वहिनी, त्या गोष्टीत तरी मी आहे. बाकी कुठं आहे, दाखवा."

मग नातीकडे वळून म्हणाल्या, "सोमवारी मी येते तुझ्याबरोबर."

मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

शूटिंग एका रिकाम्या गोदामात होतं. वन्संना बघून दाढीवाला धावतच आला. "आजी! तुम्ही म्हणजे दंतकथा!" लगेच खुर्ची आली, फोटो काढायला चार फोन वर झाले.

"दंतकथाच आहे ती," वन्सं बसता बसता म्हणाल्या. "कोंडलं हे खरं. किंकाळी त्यातून आली हे खोटं. हिला कोंडू नका, हाती काही लागायचं नाही."

तो समजूतदारपणे हसला. असलं हसू मला बघवत नाही. "आजी, वयानुसार आठवणींची सरमिसळ होते. साहेबांच्या मुलाखतीत अगदी स्वच्छ आहे."

"अहो शहाणे," मी म्हटलं, "कोंडलं कुणाला होतं? मुलाखतीला की यांना?"

दिवेवाले तोंड फिरवून हसले. दाढीवाला तांबडालाल झाला. "हे बघा काकू, मला अभिनय नको, सत्य हवंय."

तेवढ्यात नात पुढं आली. "दार उघडं राहील आणि दिवा चालू राहील. किंकाळी मी देते. कोंडायचंच असेल तर दुसरी मुलगी बघा."

पहिला सिनेमा होता तिचा. तो 'बरं, बघतो दुसरी' म्हणाला असता तर दारात दुसऱ्या उभ्याच होत्या. पण दुपारपर्यंत गोदाम सोडायचं होतं, कॅमेरा लावून तयार होता. "एकदाच," तो गुरगुरला.

वन्सं तिच्या कानाशी लागल्या. "ओळखीच्याची दे."

तिनं दिली. उघड्या दारातून बाहेरचा रिक्षावाला दिसत होता, वर लख्ख दिवा होता आणि ती समोरच्या लाकडी खुर्चीकडे बघून किंचाळली. किंकाळी मधेच मोडली. मी, जिला सगळं आधीच ठाऊक होतं, ती वन्संचा हात धरून उभी राहिले. दाढीवाल्यानं हेडफोन कानाला लावून ती दोनदा ऐकली. मग म्हणाला, "चालेल."

सिनेमा आला, गाजला. सगळीकडे त्या किंकाळीची चर्चा. आणि मग पेपरात दाढीवाल्याची लांबलचक मुलाखत आली: 'तिला बंद जागेची भीती आहे हे मला कळलं होतं. साहेबांचं स्मरण केलं, तिला कोंडलं आणि ती किंकाळी तिच्याकडून काढून घेतली.'

निर्लज्जपणाला सीमा असते म्हणतात. कुठं असते, मला कुणीतरी दाखवावी.

नातीनं आमच्या समोर बसून ती मुलाखत घेणाऱ्या वार्ताहराला फोन लावला, आम्हालाही ऐकू येईल असा.

"म्हणजे त्यांनी तुम्हाला कोंडलंच नाही?"

"नाही."

"मग किंकाळी आली कशी?"

"मी दिली. ते माझं काम आहे."

"हो, पण मॅडम... मग त्यात बातमी काय?"

वन्संनी फोन तिच्या हातातून घेतला. "लिहून घे बाळ. ही हिनं दिली. आणि साहेबांच्या सिनेमातली मी दिली होती. काढून कुणी घेतली नाही. दोन्ही लिही."

त्यानं 'हो आजी, नक्की' म्हटलं. आठवडे गेले, एक ओळ छापून आली नाही. तेव्हा मीच बसले लिहायला.