हिरव्याखालचा निळा

बिभीषणला रंगांचं वेड आहे असं सांगितलं की लोकांना वाटतं, तो चित्रं काढत असेल. चित्रबित्र काही नाही. जालन्यात मंठा रोडला त्याचं गाड्यांना रंग मारायचं गॅरेज आहे आणि त्याला चिकटून माझं ब्लाउज शिवायचं दुकान. त्याच्या थिनरच्या वासानं माझं डोकं उठतं आणि माझ्या मशिनच्या आवाजानं त्याचं. पण ब्लाउजला जुळता दोरा सापडत नसला की मी मुकाट्यानं त्याच्याकडेच जाते. तो कापड घेऊन शटरच्या आत सावलीत जातो, मान वाकडी करून बघतो आणि माझ्याच डब्यातलं बरोबर रीळ काढून देतो. वर शेरा असतोच, "ज्योत्स्नाताई, देवानं तुमाला डोळे नुसते काजळ घालायला दिले."

ही सावलीत बघायची सवय बापाची. बाप हसनाबादचा, मेंढरं राखणारा. चुकलेलं मेंढरू दुसऱ्याच्या कळपातून ओळखून काढायचं तर लोकरीचा रंग नीट कळावा लागतो. काळं म्हणजे नुसतं काळं नसतं, त्यात तांबूस असतं, राखी असतं, आणि भर उन्हात ते सगळं सारखंच दिसतं. म्हणून बाप पोराला आधी मेंढरू बाभळीखाली ओढून न्यायला लावायचा. पुढे मेंढरं विकली, बाप गेला, पोरगं जालन्यात गॅरेजला लागलं. डोळा तेवढा बापाचा राहिला.

गिटारचा नाद त्याला मल्हारीमुळे लागला. मल्हारी टेंभुर्णीचा, आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. मी गायचे, तो वाजवायचा आणि आमच्या गाडीला बिभीषण रंग मारून द्यायचा, अशी तिघांची ओळख. ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा मालकानं मल्हारीला एक जुनं इलेक्ट्रिक गिटार देऊन टाकलं. कुणा परदेशी माणसानं गोव्यात सोडलेलं, हात बदलत बदलत औरंगाबादला आलेलं. रंग शेवाळलेल्या हौदासारखा हिरवट. मला तर ते बघवत नसे. त्याची दांडी हलायला लागली म्हणून मल्हारीनं ते बिभीषणकडे आणलं. बिभीषणनं स्क्रू काढले, दांडी उचलली आणि तिथंच फरशीवर बसून राहिला. दांडी जिथं बसते त्या खोबणीत ऊन कधी पोचलंच नव्हतं, आणि तिथं रंग निळा होता. स्वच्छ, फिका निळा.

नंतर कितीतरी दिवस त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. पन्नास-साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतले गिटारचे कारखाने मोटारींचेच रंग वापरायचे, हे तो मोबाइलवर बघून बघून शिकला. नेहमीचे रंग मोजकेच, बाकीचे कुणी मागितले तरच मारायचे, म्हणून असले निळे फार थोडे निघाले. रंगावर लॅकरचा पारदर्शक हात असायचा. लॅकर जुनं झालं की पिवळं पडतं, आणि निळ्यावर पिवळं चढलं की आपल्याला हिरवं दिसतं. शिवाय कारखान्यात रंगवताना धरायला म्हणून खोबणीत एक लाकडी पट्टी ठोकलेली असायची, तेवढी जागा कोरी राहायची. ती कोरी जागा दिसली की समजायचं, रंग कारखान्याचा आहे, मागाहून कुणी मारलेला नाही. मला हे सगळं पाठ झालं ते हौसेनं नव्हे, शेजार आहे म्हणून.

मग पुण्याहून, नाशिकहून, कुठून कुठून लोक त्याला गिटारचे फोटो पाठवायला लागले. रंग अस्सल का, म्हणून विचारायचे. काही गिटारं तर गॅरेजवरच यायची. हा बघायचा आणि जे असेल ते सांगायचा. कुणाचा हिरमोड होईल याची फिकीर नाही. एकानं लेकाच्या वाढदिवसाला घेतलेलं गिटार कौतुकानं दाखवलं, तर यानं तोंडावर सांगितलं की हा रंग मागच्या दिवाळीचा आहे. मी म्हटलं, "अरे, गोड बोलायला तुझं काय जातं?" तर म्हणाला, "रंगाबद्दल खोटं बोललो तं मंग डोळे काय कामाचे?" असली माणसं शेजारी म्हणून बरी, नवरा म्हणून नकोत.

मल्हारीला त्यानं दम भरून ठेवला होता. "ह्याच्यावर दुसरा रंग मारलास तं माझ्या दारात येऊ नको." मल्हारी नुसता हसायचा.

चार वर्षांमागच्या उन्हाळ्यात मल्हारी गेला. परभणीच्या एका नव्या ऑर्केस्ट्रा पार्टीत वाजवायचं बोलावणं आलं म्हणून गिटार घेऊन घरून निघाला. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधीच निघाला. जालन्यात काम आहे, मग रेल्वेनं जातो, असं बायकोला, वंदनाला, सांगून गेला. नंतर फोन लागला नाही. परभणीच्या पार्टीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, आलाच नाही.

आठवडाभरानं परतूरच्या पुढे रुळाकडेला एक माणूस मेलेला सापडल्याचं कळलं. गाडीतून पडला असावा. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता, खिशात ना मोबाइल ना कागद. मल्हारीचा थोरला भाऊ बद्रीनाथ बघायला गेला. अंगावर काळा शर्ट, काळी पँट, दोन्ही कोरे करकरीत. असले कपडे मल्हारीकडे नव्हतेच. जवळ एक गिटार सापडलं होतं, तेही काळं. बद्रीनाथ शेतात राबणारा माणूस. त्याच्या लेखी गिटारं सगळी सारखीच, फरक काय तो रंगाचा. तो पोलिसांना म्हणाला, "ह्यो आमचा न्हाई. आमच्या मल्हारीचं गिटार हिरवं हाय." घरी येऊन त्यानं आईच्या तोंडात पेढा घातला. त्या मेलेल्या माणसाला कुणी वाली निघाला नाही. पोलिसांनी रीतसर वाट पाहिली आणि बेवारस म्हणून त्याला अग्नी दिला.

तेव्हापासून मल्हारीची आई, तुळजाबाई, दर बाजाराच्या दिवशी एसटीनं जालन्याला यायला लागली. बाजार नावाला. ती थेट गॅरेजवर यायची आणि एका मोडक्या जीपच्या काढून ठेवलेल्या सीटवर बसायची. "बिभीषणा, हिरवं आलं का रे?" "न्हाई, मावशी." तिचा हिशेब सरळ होता. "लांबलांबची गिटारं तुझ्याकडं येऊन राह्यली. मंग त्याचं बी कधीतरी येईलच. त्यानं इकलं असंल नडीला. इकनारा सापडला की पोरगं बी सापडलं." चहा पिऊन ती उठायची. बद्रीनाथ तर कुठं हिरवं गिटार दिसलं असं ऐकलं की धावत जायचा, फोटो काढून बिभीषणला पाठवायचा. वंदनाचे माहेरचे दोनदा तिला न्यायला आले. ती गेली नाही. नवरा जिवंत असताना माहेरी कशाला राहू, असं म्हणाली. मल्हारी जिवंत आहे या एका गोष्टीवर ते घर उभं होतं, आणि मल्हारी जिवंत आहे याला आधार काय, तर मेलेल्याचं गिटार काळं होतं.

गेल्या वर्षी एका बाजाराच्या दिवशी पुंजाराम आला. हा भंगारवाला, लिलावात निघालेलं सामान उचलतो. गोणपाटात बांधलेलं एक काळं गिटार त्यानं बिभीषणपुढं टाकलं, "हे खरवडून लालभडक करून दे, लग्नाच्या ब्यांडवाल्याला देतो," म्हणाला आणि समोर पान खायला गेला. तुळजाबाई तिच्या सीटवर बसली होती. काळं गिटार म्हणून तिनं मान वळवूनही पाहिलं नाही. मी दोरा जुळवायला गेले होते.

बिभीषणनं कडेला पॉलिश पेपर घासला. काळा रंग हलक्या हातानं मारलेला होता, पापुद्र्यासारखा निघाला. खाली हिरवट दिसलं. तो थांबला. गिटार उचलून आत सावलीत गेला, मान वाकडी करून बघत राहिला, मग स्क्रू काढायला लागला. काळं मारणाऱ्यानं दांडी काढायचीही तसदी घेतली नव्हती. खोबणीत निळा जसाच्या तसा होता. मधली पट्टीएवढी जागा कोरी होती.

बिभीषण हसला. इतकं मोकळं हसताना मी त्याला क्वचित पाहिलंय. "मावशी, आलं. हेच त्ये. वरून कुनीतरी काळं फासलंय, पन खाली त्योच रंग हाय. माझ्या बापाची आन." तुळजाबाई उठली. तिनं त्या निळ्यावर बोट फिरवलं, गिटारवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली, मग बिभीषणची दृष्ट काढली, मग माझी. मीही वेड्यासारखी हसत होते. देव आहे, असं मी मोठ्यानं म्हणाल्याचं मला आठवतं. आमच्यापैकी एकालाही त्या क्षणी काळ्या रंगाचा अर्थ लागला नाही. बिभीषणला तर लागायलाच हवा होता, पण तो निळ्याकडे बघत होता.

पुंजाराम पान चघळत आला. तुळजाबाईनं त्याचं मनगट धरलं. "दादा, हे इकनारा कुठं हाय? माझं पोरगं हाय त्ये."

"इकनारा कोन न्हाई, मावशी," पुंजाराम म्हणाला. "पोलिसाच्या लिलावातलं हाय. परतूरकडं रुळावर एक बेवारस मेल्ता ना मागं, त्याच्याजवळचं."

तुळजाबाईनं त्याचं मनगट सोडलं नाही. "तवाच काळं हुतं का?"

"हौ. काळंच आल्तं."

ती परत सीटवर जाऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "मंग बद्रीनं त्याला पाहिलंय." आणि मग, "सख्खा भाऊ म्होरं उभा, आन् माझं पोरगं बेवारस जळालं."

बिभीषणनं परभणीला फोन लावला. पार्टीवाला सहज बोलला. "आमची अटच हाय ना, समद्यायला काळे कपडे, काळी वाद्यं. त्यालाबी फोनवर सांगितलं होतं. तवा तुम्ही एवढंच विचारलं, आला का. मी म्हनलो न्हाई आला." बिभीषणनं फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझ्याकडं आनलं असतं तं मी मारू दिलं नसतं. म्हनून चोरून दुसरीकडं गेला. मला सांगून मारला असता तं त्याच दिवशी वळखला असता आपन त्याला." मला त्याची कीव यायला हवी होती. मला राग आला. पार्टीवाल्याचा आला, बद्रीनाथचा आला, आणि सगळ्यात जास्त बिभीषणच्या त्या हसण्याचा आला. एका आईला तिचं पोर मेल्याचं त्यानं हसत हसत सांगितलं होतं. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

तुळजाबाईनं पदर सारखा केला. "बद्रीला ह्यातलं काही सांगायचं न्हाई."

मी म्हटलं, "मावशी, असं कसं? त्याचं दहावं-बारावं काही करायचं का नाही?"

"भावाला पाहून आपन न्हाई म्हनून आलो, वरून पेढा वाटला, हे कळलं तं बद्री जगायचा न्हाई. मी वळखते त्याला. एक गेला. दुसरा मला पायजे."

"आणि वंदना? ती किती दिवस वाट बघणार?"

"तिला मी आजच सांगते," ती म्हणाली आणि एसटी चुकेल म्हणून उठली.

गिटार बिभीषणनं पुंजारामकडून घेऊन ठेवलं. बद्रीनाथ अधूनमधून गॅरेजवर येतो, त्याच्या नजरेला पडलं तर पंचाईत. म्हणून त्याच दुपारी बिभीषणनं दांडी जागच्या जागी बसवली, कॉम्प्रेसर चालू केला आणि त्या हिरव्यावर स्वतःच्या हातानं काळा मारला. दोन हात मारले. मी शटरपाशी उभी होते. तो म्हणाला, "ताई, तुमी जा." मी गेले आणि मशीन चालवत बसले.

त्यानंतर त्यानं कुणाचं गिटार उघडलेलं नाही. पुण्या-मुंबईचे फोटो येतात, तो ते न बघताच काढून टाकतो. तुळजाबाई अजूनही बाजाराच्या दिवशी येते, कारण यायची थांबली तर बद्रीनाथ कारण विचारेल. सीटवर बसते, चहा पिते, विचारत काही नाही. वंदना एकदा माझ्याकडे ब्लाउजचं माप द्यायला आली. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. मला राहवलं नाही. मी विचारलं, "कसं गं सहन करतेस?" तिनं हात वर करून मला माप घेऊ दिलं. "सकाळी भावजी ओट्यावर बसलेले ऱ्हातेत, ताई," ती म्हणाली. "त्याह्यच्या म्होरून पान्याला जावं लागतं. कपाळ उघडं दिसलं तं काय सांगू?"

मागच्या आठवड्यात नांदेडला कुणाकडं तरी हिरवं गिटार असल्याचं बद्रीनाथला कळलं. पेरणी तोंडावर आलेली असताना तो निघाला. वंदनानं त्याला वाटेत खायला भाकरी आणि ठेचा बांधून दिला. तुळजाबाईनं त्याला पोचल्यावर फोन करायला सांगितलं.

दुपारी बिभीषणच्या मोबाइलवर फोटो आला. मी तिथंच होते. बद्रीनाथचा फोटो असला की तो उघडतो. त्यानं मोबाइल सावलीत नेला, फोटो मोठा केला, कडा पाहिल्या, खालचा भाग पाहिला, घाई केली नाही. मग त्यानं लिहिलं, "हा तो रंग न्हाई." ते खरंच होतं.

बद्रीनाथचं उत्तर लगेच आलं. "बरं झालं सांगितलं, भाऊ. आता हिंगोलीकडं बघतो."