मावशींची मधाची व्हिस्की

कोपऱ्यावरच्या त्या छोट्याशा बारमध्ये मधाची व्हिस्की प्यायची ती कोरीच. मालकीणबाईंचा, म्हणजे सगळ्यांच्या मावशींचा, तसा हुकूमच होता. कुणी बर्फ मागितला की त्या म्हणायच्या, "बर्फच खायचाय तर बिल कशाला वाढवता?" गिऱ्हाईक मुकाट्याने कोरी प्यायचं आणि दुसरा पेला मागायचं. चवच तशी होती.

मागच्या खोलीत मावशी ती स्वतः करायच्या. बडीशेप, लवंग, संत्र्याची साल आणि दोन-तीन रानपाल्यांची पुरचुंडी व्हिस्कीत सोडायची; वास फिरला की पुरचुंडी लगेच बाहेर, मग मध. वास कधी फिरतो ते फक्त मावशींच्या नाकाला कळे, आणि हे चारचौघांत सांगायला त्या कधी लाजल्या नाहीत. का लाजावं?

या हिवाळ्यात मात्र तापातून उठल्या तर वासच गेलेला. साबणाचा नाही, कॉफीचा नाही, कशाचाच नाही. कुणाला न सांगता त्यांनी अंदाजपंचे पुरचुंडी काढली, ती उशिरा. व्हिस्की कडू झाली. जिभेला तेवढं कळलं. मग मावशी अचानक दिलदार झाल्या. "अहो, गरम पाण्यात लिंबू पिळून घ्या की! कॉफीत घाला. आइस्क्रीमवर ओतून बघा, वेड लागेल!" गिऱ्हाइकं खूश. कोरीचा हुकूम असा सुटलेला पाहून गल्ल्यावर बसणाऱ्या सुनेला मात्र शंका आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कोरा घोट घेऊन पाहिला.

"आई, ही कडू झालीय. तुम्हाला वास येत नाहीये ना?"

मावशी आधी भडकल्या, मग मटकन स्टुलावर बसून रडल्या. नाकच नाही तर या घरात आपलं काम काय, ही भीती त्यांना कधीपासून खात होती.

"मला शिकवा," सून म्हणाली.

दोघींनी व्हिस्कीची नवी बरणी लावली. रोज सून हुंगायची, मावशी खोदून खोदून विचारायच्या. एके दिवशी सून म्हणाली, "काढू या."

"एवढ्यात? अगं, मी इतक्या लवकर कधीच काढली नाही!"

"आत्ताच, आई. लवंग वरचढ व्हायला लागलीय."

मावशींनी सवयीने बरणीवर नाक धरलं; कशाचाच वास नाही. मग त्यांनी बाह्या सरसावल्या आणि पुरचुंडी ठेवायला बरणीजवळ पातेलं धरलं.

"काढ मग, बघत काय बसलीस! मध मात्र मीच घालणार."