शेजारणीचा चार्जर

१२ मे २००७. इन्व्हर्टरच्या बॅटरीचे टर्मिनल गरम पाण्यानं धुऊन ग्रीस लावलं. तरी दुपारी लाईट गेल्यावर पंखा दहा मिनिटंही टिकेना. शेजारणीची बॅटरी आमच्याबरोबरच घेतलेली. तिनं वेळेवर पाणीही कधी घातलं नाही. बंद पडल्यावर तिनं नवा ऑटोमॅटिक चार्जर दोन दिवस लावला आणि आता तिचा पंखा तासभर फिरत होता. चार वर्षं निगा राखली मी, वारा खाते ती! माझा जळफळाट झाला.

"आणा की वैनी, चार्जरला लावूया," कुंपणापलीकडून ती म्हणाली.

"नको, आमची ठणठणीत हाय."

"व्हय, म्हणूनच पुठ्ठ्यानं वारा घेताय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सिलिंडरच्या ट्रॉलीवर बॅटरी चढवली आणि तिच्या दारात नेऊन ठेवली.