हजेरीपटावरचं पहिलं नाव

दिनांक ४ ऑगस्ट २००७, शनिवार. मागायची रक्कम दोन लाख चाळीस हजार रुपये. हजर चौघे: आमचे अध्यक्ष, म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक, चिटणीसबाई, ज्यांचा मुलगा पूर्वी आमच्याकडे येत असे आणि तीन वर्षांपूर्वी वारला, मुलांना सांभाळणाऱ्या ताई, आणि कोषाध्यक्ष म्हणून मी.

आमची संस्था म्हणजे कसबा पेठेतली माडीवरची एक खोली. शाळेचं वय उलटलेली अकरा मतिमंद मुलंमुली तिथे दहा ते चार बसत आणि कागदी पाकिटं चिकटवत. खाली तांब्याची भांडी ठोकण्याचं काम चाले. नव्या माणसाचं त्या आवाजानं डोकं उठे, पण मुलांना तो लागायचा. माझी मुलगी त्या ठोक्यांवर मान हलवत घडी घाली. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. हजेरीपटावर पहिलं नाव तिचं, कारण खोली सुरूच झाली ती तिच्यासाठी आणि चिटणीसबाईंच्या मुलासाठी.

खोलीचा खर्च इतकी वर्षं पेठेतले एक व्यापारी चालवत. त्यांनी दुकान विकलं आणि देणगी थांबली. ताईंना सहा महिने मानधन मिळालं नव्हतं. खराडीला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये त्यांना काम मिळत होतं. "महिनाअखेर सांगते म्हटलंय त्यांना," त्या म्हणाल्या. त्या गेल्या की खोली बंद, हे चौघांनाही ठाऊक होतं. शहरातल्या उद्योजकांनी स्थानिक संस्थांसाठी एक निधी उभारला होता. तेवढंच एक दार उरलं होतं. अर्जाची मुदत ३१ ऑगस्ट.

अर्ज बावीस पानांचा. मी तो तीन दिवसांत भरला. सतरावा प्रश्न होता, विश्वस्तांचे जवळचे नातेवाईक लाभार्थी आहेत काय? मी लिहिलं, होय, एक.

पुढच्या सोमवारी निधीच्या कार्यालयातून बोलावणं आलं. दोन बस बदलून खराडीला गेलो. काचेच्या इमारतीत सातवा मजला. तिथली अधिकारी मुलगी पंचविशीची असेल.

"काका, सगळं क्लीन आहे तुमचं. इतके नीट अकाउंट्स आम्ही पाहिलेच नाहीत. फक्त सतरा नंबरला 'यस' आहे, त्यामुळे फॉर्म पुढे जातच नाही."

"मग पुढे कसा जाईल?"

"तुम्ही ट्रस्टी नसलात, किंवा मग..." तिनं कागद पालटला. "ती लिस्टमध्ये नसली, तर."

मी परत आलो आणि वकिलांना विचारलं. राजीनामा आजही देता येईल. पण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज मंजूर होऊन विश्वस्तांच्या नोंदीच्या उताऱ्यावरून नाव उतरायला वर्ष, कदाचित दीड वर्ष. निधीला तो उताराच हवा होता. मी त्याच दिवशी राजीनामा दिला, बदल अर्जही लावला. हातात उरले अठरा दिवस.

अध्यक्ष म्हणाले, "सतराव्याला 'नाही' लिहून टाकायचं. तुम्ही अर्ज भरताय की जनगणना करताय?"

"मुलगी आहे ना पण माझी."

"आम्ही कुठे म्हणतोय नाही म्हणून?"

ताईंनी दुसरा मार्ग काढला. "अहो, नाव काढा फक्त. ती येऊ दे रोजच्यासारखी. मी बघते. कोण मोजायला येतंय?"

हा मार्ग मी दोन रात्री मनात फिरवून पाहिला. नाव नाही आणि मुलगी खोलीत, म्हणजे रोज सकाळी ताईंनी खोटी हजेरी मांडायची आणि महिन्याच्या शेवटी तिच्याखाली मी सही करायची. ते मला जमेना. नाव राहिलं तर दहा मुलांची खोली जाते आणि अकराव्या मुलीचीही जाते. मी किती वेळा वजाबाकी केली, तरी उत्तर तेच येई.

१६ ऑगस्टला मी पहिल्या नावावर रेघ मारून बाजूला तारीख घातली. चिटणीसबाई तेवढा वेळ खिडकीशी उभ्या होत्या. अर्ज पुन्हा भरला. सतरा, नाही.

सही करून आल्यावर घरी सांगितलं. बायको पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

"तुमच्या खरेपणाचं भाडं तिनं भरायचं का?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मुलगी पाण्याची बाटली गळ्यात अडकवून दाराशी उभी राहिली. तिसऱ्या दिवशीही. बाहेर रिक्षा वाजली की ती कडी ओढायची. मग तिनं वाटी घेऊन जमिनीवर ठोकायला सुरुवात केली, दहा वाजता, रोज. बायकोनं वाटी काढून घेतली नाही. मीही नाही.

सप्टेंबरात ती अधिकारी खोली पाहायला आली. मोजायला कोणी येतच नाही असं नव्हतं. तिनं डोकी मोजली, दहा. हजेरीपट पाहिला, दहा. रेघ मारलेल्या नावावर तिचं बोट थांबलं. "हो, तीच," मी म्हणालो. तिनं हजेरीपट हळूच मिटला.

ऑक्टोबरात एक लाख ऐंशी हजार मंजूर झाले. मागची देणी त्यातून भागवायची नाहीत, असं पत्रात होतं. म्हणून ताईंचे थकलेले एकवीस हजार अध्यक्ष, चिटणीसबाई आणि मी असे सात-सात हजार घालून दिले. दोन महिने टोलवलेल्या कॅन्टीनला ताईंनी नकार कळवला. निधीतला पहिला धनादेश पाच हजारांचा, त्यांच्याच नावाचा. पावतीवर सही करताना त्यांनी विचारलं, "बदल अर्जाचं काही?" मी नकारार्थी मान हलवली.

त्याच आठवड्यात मुलीला खोलीवर नेणारा रिक्षावाला घरी आला. सिंहगड रस्त्यावरून तो तीन मुलांना पेठेत नेई. ऑगस्टचे पैसे त्यानं घेतलेच नव्हते. यायला लागली की एकदम घेतो म्हणाला होता.

"साहेब, जागा दोन महिने मोकळी ठेवली. आता एक शाळेची मुलगी मिळतेय."

"घ्या ना. अहो, तुम्ही तरी किती दिवस ठेवणार?"

त्याचा महिना साडेचारशेचा. मी पूर्ण देत होतो. त्यानं अर्धेच मोजून घेतले, बाकीचे परत माझ्या हातावर ठेवले. मुलगी आतून रिक्षाचा आवाज ऐकून बाटली शोधत होती. रिक्षावाल्याला दिले, रुपये दोनशे पंचवीस.