फुकटच्या कण्या

त्या वर्षी आमच्या गावात पाऊस आला नाही, समिती आली. पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं होतं, आभाळाची दानत तीच होती. विहिरी होळीच्या आधीच तळाला गेल्या आणि ज्यांच्या अंगात बळ होतं ते सडकेच्या कामावर खडी फोडायला निघून गेले. मागे उरलो आम्ही बाया, लेकरं आणि म्हातारी माणसं.

कमलनगर तेव्हा तालुक्याचं गाव नव्हतं. आगगाडीचं ठेसन होतं, एवढंच त्याचं मोठेपण. तिथं दुष्काळ निवारण समितीची धान्याची पोती उतरली आणि बैलगाड्यांतून आमच्याकडे आली. पोत्यांबरोबर एक व्यवस्थापक आले. हैदराबादेतली मास्तरकी सोडून आलेले, किडकिडीत, अंगावर खादी. मला सायब म्हणू नका, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं, म्हणून गावानं त्यांना भाईसाब करून टाकलं.

मी वीस वर्षांची होते. लग्न होऊन महिन्यात परत आलेली आणि पुन्हा जाणार नाही म्हणून सांगून बसलेली, त्यामुळे गावाच्या लेखी वाया गेलेली. पण शाळेत उर्दू झालेली, घरात मराठी आणि आजोळी कानडी, असं तिन्हीकडचं तोंड मला होतं. भाईसाबांना तेच हवं होतं. त्यांनी मला मदतनीस म्हणून ठेवलं. काम करायचं आणि दोन वेळा तिथंच जेवायचं.

समितीची तयारी बघण्यासारखी होती, खोटं कशाला बोलू. भाईसाबांकडे एक छापील पुस्तिका होती. चर किती लांब खणायचा, म्हणजे एका जाळावर चार हंडे बसतील, पाणी किती वेळ उकळायचं, विहिरीपासून किती लांब परसाकडं बसायचं, सगळं त्यात होतं. जेवणाची शिट्टी, जेवणाऱ्यांच्या ओळखीचे पत्र्याचे बिल्ले, मिठापासून राखेपर्यंत कशाचं काय करायचं ते सगळं आधी ठरलेलं. त्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात पटकी शिरली, आमच्यात शिरली नाही, ती त्या उकळलेल्या पाण्यामुळं. ते श्रेय मी आजही कुणाला हिरावून घेऊ देणार नाही.

पण त्याच पुस्तिकेनं माणसांचे दोन ढीग केले होते. ज्याला काम करता येतं त्यानं सडकेवर जायचं. ज्याला येत नाही त्यानं इथं बसून कण्या खायच्या, आणि त्याच्याकडून काडीचंही काम घ्यायचं नाही. या शेवटच्या नियमाचा भाईसाबांना अभिमान होता. दुसरीकडे त्यांनी आजारी माणसांना घासाच्या बदल्यात राबवलेलं पाहिलं होतं. इथं तसं होणार नाही, असं ते मला पुन्हा पुन्हा सांगायचे.

पहिल्या दिवशी शिट्टी झाली तशी माझी आत्या आली. वडिलांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तरुणपणी नवरा गेला, तेव्हापासून लोकांच्या घरचं धान्य पाखडून, निवडून तिनं पोट भरलं होतं. त्या वर्षी निवडायला कुणाच्या घरात धान्यच नव्हतं. गुडघे गेलेले, कंबर वाकलेली, सडक तिला जमण्यातली नव्हती. मी तिच्या जर्मनच्या वाडग्यात कण्या वाढल्या. ती वाडग्याकडे बघत राहिली.

"माझं काम काय?" तिनं विचारलं.

"काम न्हाई, आत्या. तू खायचंस फकस्त."

"फकस्त? ह्या गावात फकस्त खानारं कोन हाय? मठातली गाय बी शेन देती."

तिनं वाडगं जसंच्या तसं माझ्या हातात ठेवलं आणि निघून गेली. आम्ही लिंगायत, आमच्या घरात काम म्हणजे कायक, म्हणजे पूजाच. हात चालल्याशिवाय समोर आलेलं अन्न आत्या गळ्यातल्या लिंगाला दाखवायची नाही, आणि लिंगाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायची नाही. मला हे लहानपणापासून माहीत होतं. तरी वाटलं, उपाशी माणूस किती दिवस ताणणार?

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तरवट्याचा पाला उकडून खात होती. मी तिच्या पायावर बोट दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. गाव म्हणालं, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी भांडले तिच्याशी.

"आधी पोटोबा मग विठोबा म्हनत्यात, आत्या."

"तुझा पोटोबा तुझ्यापाशी ठेव," ती म्हणाली. "मला कामून सांगायलीस?"

मला तिचा इतका राग आला की घराबाहेर येऊन मी रडले. ही बाई मरणार, आणि पोत्यांची थप्पी घरापासून पन्नास पावलांवर असताना मरणार, हे मला सहन होत नव्हतं.

चौथ्या दिवशी भाईसाब पुढच्या पोत्यांची चौकशी करायला कमलनगरला गेले. मी एक सूपभर धान्य घेऊन आत्याकडे गेले. समितीची ज्वारी लाल होती, परदेशातून आलेली, आणि तिच्यात खडे होते. भाईसाबांच्या मते दोनदा धुतलं की झालं. लेकरं जेवताना दाताखाली कचकन आवाज यायचा, आणि पुस्तिकेत खड्यांबद्दल काही नव्हतं.

"लेकरांच्या दाताखाली खडे यायलेत," मी म्हणाले.

आत्यानं सूप ओढून घेतलं. दुपारी तिनं लिंग हातावर घेतलं, वाडगं दाखवलं आणि जेवली.

ही गोष्ट लपून राहण्यातली नव्हती. दुसऱ्या दिवशी पाच जणी सुपं घेऊन आल्या. मग सगळेच. धनगराचा म्हातारा पोत्यांचे दोर वळू लागला. एका अंगानं लुळी पडलेली एक बाई डाव्या हातानं पळसाच्या पत्रावळी लावू लागली. ॲक्शनच्या साली घरचे दोन्ही पुरुष गेलेली एक बीबी होती. आमचं कायक, आमचं लिंग यांच्याशी तिचा काय संबंध? पण तीही दाभण घेऊन फाटकी पोती शिवायला बसली. "मुफ्त का मेरे गले से बी नै उतरता, माँ," ती आत्याला म्हणाली. इतके दिवस ही माणसं खाली मान घालून जेवत होती. आता जेवताना भांडू लागली, मीठ कमी पडलं म्हणून मला ओरडू लागली. मला फार बरं वाटलं.

भाईसाब काही दिवसांनी परत आले आणि हे बघून जागच्या जागी थांबले.

"हे काय चाललंय? तपासणीस येणार आहेत. यांना काम करताना पाहिलं तर सगळ्यांचे बिल्ले काढून घेतील. सडकेवर पाठवतील."

"मग त्यांना सांगा की."

"ते ऐकणार नाहीत. तुम्ही यांना सांगा. काम येतं का असं विचारलं, तर नाही म्हणायचं. एवढंच."

मी सांगितलं. घरोघर जाऊन, तिन्ही भाषांत. भ्याले होते मी. आत्याच्या पायांची सूज आता कुठं उतरत होती. तिनं माझं ऐकून घेतलं आणि सूप पाखडत राहिली. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

तपासणीस कोट घालून आले. त्यांनी सगळ्यांना ओळीनं बसवलं आणि मला विचारायला लावलं. पहिली आत्याच होती.

"काम येतं का?" मी विचारलं, आणि डोळ्यांनी विनवलं.

"येतं," आत्या म्हणाली. "ह्येंच्या पोत्यातले खडे कोन काढायलंय मंग?"

शेजारची बीबी म्हणाली, "मेरेकु बी आता." तिच्या पलीकडे पूर्ण आंधळी झालेली एक म्हातारी होती, जात्यावर बसणारी. ती कानडीत होय म्हणाली, "हौदरी." लुळ्या बाईनं बोलण्याऐवजी पत्रावळ वर धरली. एकही जण नाही म्हणाला नाही. तपासणीसांनी लेकरं सोडून सगळ्यांचे बिल्ले पिशवीत टाकायला लावले. "सगळे कामाचे आहेत, तर इथं कशाला बसलेत?" असं भाईसाबांना म्हणाले आणि गाडी गाठायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता कुणी येणार नाही. शिट्टीच्या आधी सगळे येऊन बसले होते. आत्यानं लेकरांपुरती ज्वारी निवडली, आंधळ्या म्हातारीनं ती भरडली. शिट्टी झाली तसे सगळे धूळ झटकून उठले आणि बिल्ला नाही तर घास नाही म्हणून न जेवता घरी गेले. मी माझं वाडगं पालथं घातलं.

"तुम्ही जेवा," भाईसाब म्हणाले.

"न्हाई," मी म्हणाले. त्यांच्याशी मी एरवी शाळेतलं मराठी बोलायचे. त्या दिवशी तोंडातून घरचंच निघालं.

त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा तेच. फक्त त्या दिवशी आत्याच्या हातातून सूप निसटलं आणि ज्वारी मातीत पसरली. ती वाकून एकेक दाणा वेचू लागली, आणि माझा तोल गेला.

"मी इथं कोणत्या नियमानं जेवते, भाईसाब?"

"तुम्ही मदतनीस आहात."

"मंग ह्या कोन हायत?"

"त्या..."

"बघा की तुमच्या पुस्तकात. मदतनीस कोणाला म्हणायचं ते लिहिलं असंल."

त्यांनी पुस्तिका काढली. स्वयंपाकाची माणसं तिथंच जेवतील, एवढी एक ओळ होती. ती त्यांनी दोनदा वाचली.

"पण इतकी माणसं?"

"किती असावीत ते लिहिलंय का?"

"नाही."

"मंग?"

भाईसाब घाबरट नव्हते, फक्त छापलेल्यावर त्यांचा फार विश्वास होता. त्यांनी पुस्तिका खाली ठेवली, पळी उचलली आणि स्वतः आत्याचं वाडगं भरून तिच्यापुढं ठेवलं. "अक्का, जेवा," ते म्हणाले. "जबाब मी देईन."

आत्यानं वाडग्याला हात लावला नाही. दोन दिवस उपाशी असलेली बाई, आणि तिनं मान वर करून त्यांना विचारलं,

"तू आज काय केलास?"

"मी?"

"सकाळधरनं पुस्तक वाचत बसलास. रिकाम्या हातानं वाढलेलं मी खात न्हाई. बस हितं."

तिनं सूप त्यांच्याकडे सरकवलं. भाईसाब मांडी घालून बसले. मास्तरांची बोटं, खडूची सवय, दाणे इकडे तिकडे पडत होते. सगळी रांग बघत होती आणि कुणाला हसायचा धीर होत नव्हता. त्यांनी निवडलेलं सूप आत्यानं तपासलं, तीन खडे काढले आणि त्यांच्या तळहातावर ठेवले.

"मास्तर व्हतास म्हनं. परत बघ."

त्यांनी परत बघितलं. मग तिनं लिंग हातावर घेतलं आणि डोळे मिटले. मला तो वेळ फार मोठा वाटला. पहिला घास तिच्या गळ्याखाली उतरला तेव्हा मी सगळ्यांदेखत रडत होते आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. तिनं वाडगं पुसून खाल्लं. जन्मात कधी कुणाकडे दुसऱ्यांदा न मागितलेल्या माझ्या आत्यानं मग ते रिकामं वाडगं भाईसाबांसमोर धरलं.

"वाढ की," ती म्हणाली. "हात कामून थांबला?"