नर्स मले पाठवा

चूल सारवून झाली होती, पाणी भरून झालं होतं, आणि तांदूळ निवडता निवडता माझी बोटं सुपावर डिट-डा वाजवत होती. ऐंशीच्या दशकातली चंद्रपूरची साधी सकाळ. हे जाऊन आठ महिने झाले होते. तेवढ्यात रेडिओ क्लबचे सेक्रेटरी देशकर दारात आले. हे त्याच क्लबात होते, घरच्या सेटवरून कळ दाबून मोर्सच्या डिट-डात दूरदूरच्या माणसांशी बोलायचे.

"वहिनी, भाऊंची मोर्सची कळ द्या. क्लबच्या कपाटात ठेवू. गेलेल्या सभासदाला आम्ही 'सायलेंट की' म्हणतो, मुकी कळ."

"मुकी नाई होणार ते. तुमचं सिरोंच्याले शिबिर आहे ना? कळ तिथी येते. मी बी येते."

"तिथे बाईमाणसाचं काय काम?"

"चहा तर लागन ना?"

शिबिराला सकाळच्या एसटीनं क्लबचे पाच पुरुष आणि मी निघालो. आष्टीला वैनगंगेचा पूल, पुढे आलापल्लीपर्यंत साग, आणि त्यानंतर रस्ता कमी, खड्डे जास्त. तुम्ही जाणार असाल तर डबा सोबत ठेवा. माझ्या भाकरी आणि जवसाची चटणी पाचही पुरुषांनी खाल्ली. तेव्हा बाईमाणसाचं काम कोणी विचारलं नाही.

सिरोंच्याला गोदावरीला मिळणारी नदी रुंद आणि कानावर तेलुगू. पावसात संपर्क तुटणाऱ्या गावांशी रेडिओनं बोलता येतं का, हे क्लबला पाहायचं होतं. सोबत आरोग्य शिबिरही होतं. क्लबचे एक मास्तर गाडीची बॅटरी आणि सेट घेऊन नदीच्या वरच्या अंगाच्या गावात बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा संदेश आला. मोर्सची अक्षरं इंग्रजी, मराठीही त्यातच पाठवायची. देशकरांनी उतरवून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं, "'बाळंतीण अडली. नर्स मेल पाठवा.' मेल म्हणजे पुरुष! पुरुष नर्स आता कुठून आणू?"

परत विचारलं, तर उत्तर नाही. बॅटरी बसली असावी. शिबिरातली सिस्टर पिशवी घेऊन उभीच.

"बाळंतपणाले बाप्या काऊन पाह्यजे? मास्तर येडा झाला काय?" क्लबातला एक जण हसत म्हणाला.

मी चहाचं भांडं खाली ठेवलं. "भाऊ, मास्तर आपल्या इकडच्या झाडीपट्टीतला माणूस. तो इंग्रजी नाई बोलून राह्यला. एम, ए, एल, ई. मले! नर्स मले पाठवा."

देशकर पुण्याचे, त्यांच्याकडे 'मला' म्हणतात. "तुम्हाला मोर्स कळतं?"

"यांचं ऐकून सुपावर शिकली. आता सिस्टरले डोंग्यात बसवा, नाई तर मीच वल्हवते."

सिस्टर गेली. सकाळी परत आली ती हसतच. बाळ-बाळंतीण सुखरूप होती.

परतीच्या एसटीत देशकर म्हणाले, "वहिनी, ती कळ क्लबात ठेवली तर भाऊंचा मान राहील."

"कपाटात मान नाई रायत, भाऊ. धूळ रायते."

घरी आले तर यांची खुर्ची रिकामीच होती. प्रवासानं ते बदलत नाही. परवान्याशिवाय कळ दाबता येत नाही आणि परवाना परीक्षा दिल्यावरच मिळतो, हे मला ठाऊक होतं. यांच्या क्लबातून एकही बाई त्या परीक्षेला बसली नव्हती, हेही.

दुसऱ्या दिवशी मी पाणी भरलं, तांदूळ निवडले आणि परीक्षेचा अर्ज टपालात टाकला.