पोकळ फरशी

आमच्या ह्यांना पोकळ फरशी सहन होत नाही. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी हे हळूच टाच आपटून बघणार, कान टवकारणार आणि यजमानांच्या तोंडावर सांगणार, "ही काढून पुन्हा बसवावी लागेल." मी डोळे वटारते. पण फरशी बसवणं हा ह्यांचा धंदा, आणि जित्याची खोड, दुसरं काय.

त्या धंद्यापायीच हे फ्रीमेसन लोकांच्या लॉजमध्ये, म्हणजे त्यांच्या सभागृहात गेले. तिथली काळ्यापांढऱ्या चौकटींची जुनी फरशी उखडली होती. त्या इमारतीबद्दल लोक नाही नाही ते बोलायचे. माझी थोरली बहीण तर शपथेवर सांगायची, की आत दारं लावून बोकड कापतात आणि धर्म बुडवतात. हे पहिल्या दिवशी घरी आले ते हसतच. "अगं, बोकड कसला! भिंतीवर माझंच सामान टांगलंय. ओळंबा, गुण्या, करणी. सगळं पितळेचं, आणि एकालाही सिमेंट लागलेलं नाही."

लॉजमधल्या डॉक्टरांनी ह्यांना सगळं समजावलं होतं. पूर्वी देवळं, मनोरे बांधणाऱ्या पाथरवटांच्या टोळ्या असत, खरा कारागीर ओळखायच्या त्यांच्या खुणा असत. पुढं दगड सुटले आणि खुणा तेवढ्या राहिल्या, असं ही मंडळी मानतात. आता त्यात वकील, डॉक्टर, दुकानदार. "म्हणजे करणी न धरलेले गवंडीच की," मी म्हटलं. हे खो खो हसले. पण काम संपलं त्या दिवशी डॉक्टरांनी ह्यांना शेजारच्या खुर्चीवर बसवून चहा दिला, आणि आमचा माणूस विरघळला. जन्मभर लोकांनी ह्यांना मागच्या दारानं आत घेतलेलं. सख्खा भाऊ नाही, चुलत आहेत ते असून नसल्यासारखे. तिथं सगळे एकमेकांना बंधू म्हणत.

सभासद व्हायचं तर आधी दोघं जण घरी चौकशीला येतात. डॉक्टर आले आणि औषधांचे दुकानदार आले. इकडचं तिकडचं झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "देव मानता ना?" कुठला देव, ते विचारायचं नाही. लॉजमध्ये धर्मावरून वाद घालायलाच बंदी. पण हे विश्व रचणारा कुणीतरी थोर शिल्पकार आहे, एवढं मानल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकले. "देव भेटला तर हात जोडीन, उगाच कोपर कशाला दुखवू," म्हणणारा हा माणूस. हे खाली बघत म्हणाले, "मानतो."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वाटलं, इतक्या वर्षांची माझी प्रार्थना फळाला आली. शपथ आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवून घ्यायची होती. माझ्या आईनं मला दिलेलं पुस्तक मीच धुतलेल्या रुमालात बांधून ह्यांच्या हातात ठेवलं. आत काय झालं ते ह्यांनी कधी सांगितलं नाही. पण घरी आले तेव्हा पँटच्या एकाच पायाला गुडघ्यापर्यंत दुमडल्याच्या सुरकुत्या होत्या. नवख्याला एक पाय गुडघ्यापर्यंत उघडा करून, डोळे बांधून, गळ्यात दोरी अडकवून आत नेतात, हे मला पुढं औषधवाल्यांच्या बायकोनं सांगितलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. बहिणीला मी ठणकावलं, "धर्म बुडवतात म्हणे. माझ्या नवऱ्याला देव त्यांनीच दाखवला."

हे तिथं रमले. पाय मोडून पडले होते तेव्हा ते सगळे आळीपाळीनं उशाशी येऊन बसत. ह्यांचा मानही वाढत गेला, आणि यंदा लॉजच्या मुख्य खुर्चीवर ह्यांनीच बसायचं, असं ठरलं. फक्त संध्याकाळी माझी प्रार्थना सुरू झाली की हे उठून बाहेर जात. मला वाटायचं, बागेला पाणी घालत असतील.

मग माझ्या धाकट्या भावानं हट्ट धरला. तो वायरमन. "दाजी, मलाही घ्या की तुमच्यात." त्याच्याकडे चौकशीला गेले ते औषधवाले आणि हे. भावाचंच घर, म्हणून मीही गेले. प्रश्न आला तसा भाऊ म्हणाला, "नाही मानत."

औषधवाले मऊ माणूस. "नीट विचार करा. एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

"तोच शब्द खोटा बोलून तुम्हाला बंधू म्हणू? मग दाजींच्या तोंडाकडे कसं बघू?"

दाजी जमिनीकडे बघत होते. हा माणूस पात्र नाही, असं लॉजमध्ये उभं राहून सांगायचं काम ह्यांच्याकडेच आलं, आणि ह्यांनी ते सांगितलं.

त्यानंतर ह्यांना अन्न गोड लागेना. मी म्हटलं, "अहो, त्याचं एवढं काय मनाला लावून घेता? तो कधीच विसरला."

"खरं बोलला तो बाहेर राहिला," हे म्हणाले. "आणि मी आत. तुझ्या पुस्तकावर हात ठेवून."

कळायला मला क्षणभर वेळ लागला. मग अंगाची लाही लाही झाली. "लॉजला फसवलंत ते फसवलंत. माझ्या आईचं पुस्तक होतं ते." पुढं मी बोलणंच टाकलं. मी रोज देवाचे आभार मानत होते ते कशाबद्दल, या विचारानं जीव जळत होता. ह्यांना खरकट्या ताटासमोर तसंच बसलेलं बघून कीवही यायची, आणि कीव आली की आणखी राग यायचा.

खुर्चीवर बसायचा दिवस आला. पुन्हा शपथ होती. हे दारात येऊन उभे राहिले. "पुस्तक देतेस?"

"कशाला? पुन्हा खोटं बोलायला?"

"नाही गं."

एवढंच म्हणाले. मी पुस्तक रुमालात बांधलं आणि गाठ अशी करकचून मारली, की बोटं दुखली.

हे लवकरच परतले. सोबत औषधवाले होते. तेच सांगत होते. शपथेच्या आधीच हे सगळ्यांसमोर म्हणाले होते, "माझं पहिलंच उत्तर खोटं होतं." डॉक्टर आता थकलेत. ते म्हणाले, "अहो बंधू, इतकी वर्षं झाली. कुणाला कळणार होतं? कशाला उकरता?"

"पोकळ वाजतंय, डॉक्टर," असं म्हणून ह्यांनी कमरेचा, सभासदांचा तो पांढरा ॲप्रन सोडून टेबलावर ठेवला.

औषधवाले गेले. जाताना त्यांनी ह्यांचा हात हातात घेतला, पण बंधू म्हणाले नाहीत. ह्यांनी पुस्तक फळीवर ठेवलं. मी मारलेली गाठ होती तशीच होती.

संध्याकाळी मी प्रार्थनेला बसले तसे हे उठले.

"बसा," मी म्हटलं.

"मी मानत नाही गं."

"माहीत आहे. बसा."

बसले. हात जोडले नाहीत. ह्यांना आपलंसं केलंस म्हणून देवाचे आभार मानायची माझी रोजची जागा आली, आणि मी अडखळले. काय म्हणावं सुचेना. शेवटी आभार मानले. कशाबद्दल, ते बोलले नाही.